म्हातारं कुत्रं फिरायला का येईना?



'आमचा पाळीव प्राणी' या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली की एकदोन वह्यांत हमखास असं काहीतरी सापडतं : 'आमच्या मोतीचे वय अकरा वर्षे आहे. तो आळशी झाला आहे. तो आता फिरायला येत नाही.' शुद्धलेखन ठीक, वाक्यरचना ठीक. आपण बरोबरची खूण करतो आणि पुढची वही घेतो. पण ही तीन वाक्ये एका जातीची नाहीत. पहिलं आणि तिसरं वाक्य म्हणजे माहिती आहे. मधलं वाक्य म्हणजे शेरा आहे. मोती फिरायला येत नाही हे मुलाने डोळ्यांनी पाहिलं. तो आळशी झाला हे मुलाने ठरवलं, किंवा घरात मोठ्यांच्या तोंडून ऐकलं.

आजचा लेख या मधल्या वाक्याबद्दल आहे. सातारा असो वा सांगली, घरातलं कुत्रं वयस्क झालं आणि पट्टा हातात घेतल्यावर उड्या मारेनासं झालं की आपण सगळे एकच म्हणतो, 'वय झालं त्याचं, चालायचंच.' हे वाक्य बोललं की विचार थांबतो. आणि नेमकं इथेच त्या मुक्या जिवाचं नुकसान होतं. कारण म्हातारपण हा आजार नाही, पण म्हातारपणाच्या आड बरेच आजार लपतात. त्यातले कितीतरी ओळखता येतात, काही बरे होतात, आणि जे बरे होत नाहीत त्यांचा त्रास तरी कमी करता येतो.

आधी वयाचं गणित

'कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं' असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे गणित सोपं आहे, पण बरोबर नाही. एक वर्षाचं कुत्रं पूर्ण वाढलेलं असतं, त्याला पिल्लं होऊ शकतात. सात वर्षांच्या मुलाशी त्याची तुलना कशी करणार?

पशुवैद्यक मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी ढोबळमानाने असा हिशेब सांगतात : पहिलं वर्ष म्हणजे माणसाची १५ वर्षं, दुसरं वर्ष म्हणजे आणखी ९, आणि त्यापुढचं प्रत्येक वर्ष साधारण ५. म्हणजे १० वर्षांच्या कुत्र्याचं वय काढायचं तर १५ + ९ + (८ × ५) = ६४. चौथी-पाचवीच्या मुलांना हे उदाहरण घालून बघा, आवडीने सोडवतात.

आता गंमत अशी की प्राण्यांमध्ये सहसा मोठ्या जातीचे प्राणी जास्त जगतात (हत्ती आणि उंदीर आठवा), पण कुत्र्यांमध्ये उलटं आहे. पॉमेरेनियनसारखं छोटं कुत्रं दहाव्या वर्षीही तुरुतुरु पळतं, तर ग्रेट डेनसारखं धिप्पाड कुत्रं सहाव्या-सातव्या वर्षीच उतरणीला लागतं. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड यांच्याकडे सातव्या-आठव्या वर्षापासून जास्त लक्ष द्यावं लागतं. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचा बांधा मध्यम असतो. त्याची नीट काळजी घेतली तर तेही बारा-चौदा वर्षं सहज काढू शकतं.

वयाने काय बदलतं, आणि काय बदलायला नको?

वयस्क कुत्रं थोडं जास्त झोपतं. पूर्वीसारखं चेंडूमागे वीस वेळा धावत नाही. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात. डोळ्याच्या भिंगावर निळसर झाक येते. हे सगळं स्वाभाविक आहे.

पण फिरायला जायचं म्हटलं की तोंड फिरवणं, अर्ध्या रस्त्यात बसकण मारणं, जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघत राहणं हे फक्त वयाने होत नाही. फिरणं ही कुत्र्याची नुसती कसरत नसते. विजेच्या प्रत्येक खांबाचा वास घेणं म्हणजे त्याचं रोजचं वर्तमानपत्र वाचणं. आपले आजोबा पेपर वाचायचे थांबले तर आपण विचारतो ना, 'डोळ्यांना दिसत नाही का? बरं वाटत नाही का?' कुत्र्याबाबतीतही हाच प्रश्न विचारायला हवा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हा बदल हळूहळू झाला की एका आठवड्यात? सहा महिन्यांत हळूहळू चाल मंदावली असेल तर सांधे, वजन, थायरॉईड यांकडे संशय जातो. परवापर्यंत व्यवस्थित चालणारं कुत्रं आज उठेना तर ते म्हातारपण नक्कीच नाही. म्हातारपण असं एका रात्रीत येत नसतं.

न चालण्याची कारणं कोणती असू शकतात?

१) सांधे. हे सर्वात नेहमीचं कारण. सांध्यातली कूर्चा झिजते, हाडावर हाड घासतं. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष जन्मापासून असू शकतो, वयाबरोबर तो जास्त जाणवतो. ओळखायचं कसं? सकाळी उठताना अंग आखडलेलं असतं, चार पावलं टाकल्यावर जरा मोकळं होतं. सोफ्यावर उडी मारणं बंद होतं. पण बहुतेक पालक म्हणतात, 'तो ओरडत तर नाही!' कुत्रं जुन्या दुखण्याला ओरडत नाही. ते हालचाल कमी करतं. त्याचं गप्प बसणं हेच त्याचं कण्हणं असतं.

२) हृदय. छोट्या जातींमध्ये उतारवयात हृदयाची झडप सैल होते, डॉबरमनसारख्या मोठ्या जातींमध्ये हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. थोडं चाललं की धाप, रात्रीचा खोकला, क्वचित भोवळ येऊन पडणं ही त्याची लक्षणं.

३) गोचीड ताप. आपल्या भागात हे कारण कधीच विसरायचं नाही. गोचिडाच्या चाव्यातून रक्तात जंतू जातात. ताप, जेवण सोडणं, फिकट पडलेल्या हिरड्या, कधी नाकातून रक्त. रक्ततपासणीत कळतं आणि वेळेत औषध मिळालं तर कुत्रं पुन्हा उभं राहतं. 'म्हातारा झालाय' म्हणून दोन आठवडे घालवले तर मात्र हेच दुखणं जिवावर बेततं.

४) थायरॉईड. गळ्यातल्या ग्रंथीचा स्राव कमी झाला की कुत्रं सुस्त होतं, खाणं तेवढंच असूनही लठ्ठ होतं, केस विरळ होतात, उबेची जागा शोधतं. घरच्यांना वाटतं, वय झालं. रक्ततपासणी होते, रोजची गोळी सुरू होते, आणि काही आठवड्यांत हेच कुत्रं पुन्हा दाराशी जाऊन उभं राहू लागतं.

५) मूत्रपिंड आणि मधुमेह. पाण्याचं भांडं दिवसातून जास्त वेळा भरावं लागतंय का? लघवी वाढली आहे का? वजन उतरतंय का? ही माहिती डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

६) डोळे आणि कान. ज्याला नीट दिसत नाही त्याला संध्याकाळचा रस्ता भीतीचा वाटतो. मोटारसायकल मागून आलेली ऐकू येत नाही, म्हणून ते दचकतं आणि पुढच्या वेळी जायला नको म्हणतं. अशा कुत्र्याला सकाळच्या उजेडात नेऊन बघा. सकाळी आनंदाने आलं तर अर्धं उत्तर मिळालं.

७) मेंदू. माणसासारखाच कुत्र्यालाही उतारवयात विसर पडू शकतो. घरातल्या घरात वाट चुकणं, भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, रात्री जागं आणि दिवसा झोप.

८) अगदी साधी कारणं. वाढलेली नखं, पंजाच्या गादीत रुतलेला काटा, दुखरा दात, गळ्यात रुतणारा पट्टा. डॉक्टरांकडे जाण्याआधी चारही पंजे उचलून बघायला पाच मिनिटं लागतात.

सातारचा चढ आणि सांगलीचं ऊन

आपण राहतो ती जागाही या प्रश्नात भाग घेते.

साताऱ्यात घराबाहेर पडलं की चढ-उतार आहेतच. अजिंक्यताऱ्याचा रस्ता असो की यवतेश्वरचा घाट. चढताना मागच्या पायांवर जोर येतो, उतरताना पुढच्या पायांवर. म्हणून कुत्रं चढावर थांबत असेल तर मागचे पाय आणि खुबे, उतारावर कचरत असेल तर पुढचे खांदे-कोपरे नीट तपासून घ्यावेत. ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, दवाखान्यातल्या सपाट फरशीवर त्यांना ती दिसणार नाही. पावसाळ्यात आणि थंडीत आखडलेले सांधे जास्त त्रास देतात, तेव्हा बाहेर काढण्याआधी घरातल्या घरात दोन फेऱ्या मारून घ्या.

सांगली सपाट. त्यामुळे सांध्यांचं दुखणं तिथे उशिरा ध्यानात येतं. कुत्रं चालतं, पण अंतर कमी करत नेतं. पूर्वी आयर्विन पुलापर्यंत जाणारं कुत्रं आता कोपऱ्यावरून परत फिरतं, आणि आपल्याला वाटतं त्याचा मूड नाही. सांगलीचा दुसरा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य पंखा. वयस्क, लठ्ठ किंवा हृदय कमजोर असलेल्या कुत्र्याचा हा पंखा कमी पडतो. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवा आणि सात आकडे मोजा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही. उन्हाळ्यात फिरणं सूर्य वर येण्याआधी किंवा रस्ता निवल्यावर, अगदी उशिरा.

पोहणं सांध्यांना चांगलं असतं असं कुठेतरी वाचून कुणी कुत्र्याला कृष्णेत उतरवू नये. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत, हे नदीकाठच्या गावांना वेगळं सांगायला नको.

आधी पाहा, मग म्हणा : सात दिवसांची वही

कुत्रं बोलत नाही. डॉक्टर त्याला पंधरा-वीस मिनिटं पाहतात, तेही ते घाबरलेलं असताना. घरी ते कसं असतं हे फक्त घरच्यांना माहीत. म्हणून सात दिवस एक वही ठेवायची. हे काम घरातल्या मुलाला द्या. परिसर अभ्यासात आपण 'निरीक्षण' हा शब्द वर्षभर वापरतो, त्याचा याहून चांगला सराव कोणता?

रोज इतकंच लिहायचं :

• किती वाजता फिरायला नेलं, किती मिनिटं चाललं, कुठे थांबलं?
• झोपेतून उठताना अडखळलं का? कोणता पाय उचलून धरतं?
• जेवण पूर्ण खाल्लं, अर्धं, की नाही?
• पाण्याचं भांडं किती वेळा भरलं?
• खोकला, उलटी, जुलाब झाले का?
• गाढ झोपेत असताना श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० पेक्षा जास्त आकडा वारंवार येत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

एक नियम मात्र कडक ठेवा. वहीत 'आळशी', 'हट्टी', 'कंटाळलाय', 'नाटक करतोय' हे शब्द लिहायचे नाहीत. 'आज आळशीपणा केला' असं न लिहिता 'आज दत्त मंदिरापाशी बसला, चार मिनिटं उठला नाही' असं लिहायचं. पहिल्या वाक्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. दुसऱ्या वाक्याने खूप कळतं. सोबत मोबाईलवर चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, एक बाजूने आणि एक मागून.

लगेच डॉक्टर केव्हा?

वहीचे सात दिवस पूर्ण होण्याची वाट काही वेळा पाहायची नाही. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसत असतील, बसल्या जागी धाप लागत असेल, भोवळ येऊन पडलं असेल, मागचे पाय अचानक लुळे पडले असतील, पोट फुगून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत असतील, लघवी बंद झाली असेल किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावलं नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे, कुत्री तपासतात का, एक्स-रे आणि रक्ततपासणीची सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवा. जास्त तपासण्या लागल्या तर सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे-सातारा महामार्गावर असल्याने सातारकरांना ते सोयीचं पडतं.

गोळी आपली, पोट त्याचं

हा भाग कृपया दोनदा वाचा. 'पाय दुखतोय ना, मग आपली अंगदुखीची गोळी अर्धी देऊ' असा विचार बऱ्याच घरांत होतो. प्रेमापोटीच होतो. पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामक औषधं असतात, ती डॉक्टरांनी वजन बघून, गरज पडल्यास रक्त तपासून द्यायची असतात. तसंच गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध विचारल्याशिवाय कुत्र्याला लावू नका.

दुसरी सूचना खास सांगली, तासगाव भागासाठी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात, त्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. किती खाल्ल्यावर होईल हे कुत्र्यागणिक वेगळं असतं, म्हणून 'दोन बेदाण्यांनी काय होतंय' असं म्हणायचं नाही. ज्या भागात बेदाणा घराघरांत असतो तिथल्या मुलांना हे माहीत हवंच. कांदा, लसूण, चॉकलेट हेही नको. आणि सातारकरांनो, कंदी पेढा विष नाही, पण चालणं कमी झालेल्या कुत्र्याला तो लाडही नाही. ते वजन त्याच्या दुखऱ्या पायांवरच बसतं.

घरात करण्यासारखं

वजन : अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांचा जन्मापासून शेवटापर्यंत अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं. जास्त खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३ वर्षं. शिवाय कमी खाणाऱ्यांना सांध्यांच्या उपचाराची गरज उशिरा पडली. म्हणून कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. चरबीखाली शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे. मुधोळ किंवा कारवानसारख्या सडपातळ जातींत मात्र एकदोन बरगड्या दिसणं नेहमीचंच असतं.

फरशी : आजकालच्या गुळगुळीत टाइल्सवर म्हातारे पाय घसरतात. एकदा घसरलेलं कुत्रं उठायलाच घाबरतं. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरा. खर्च शून्य, फरक मोठा.

फिरणं : पूर्ण बंद करू नका. बंद केलं की स्नायू आटतात आणि सांध्यांवरचा भार वाढतो. पाऊण तासाच्या एका फेरीऐवजी दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या करा. वेग त्याचा, आपला नाही. वास घेऊ द्या, खांबापाशी थांबू द्या. ज्या दिवशी ते नको म्हणेल त्या दिवशी पट्टा ओढायचा नाही.

गावाकडचं राखणीचं कुत्रं

काही पालक म्हणतील, 'सर, आमच्याकडे कुत्र्याला फिरायला नेत नाहीत, ते आपलं आपण फिरतं.' बरोबर आहे. माण, खटाव, आटपाडी, जत भागात मेंढरांबरोबर मैलोन्‌मैल चालणारी कुत्री आहेत. वस्तीवरचं कुत्रं मालकाच्या मागे रोज शेतावर जातं. या कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा नसला तरी लक्षणं तीच. कळपाच्या पुढे असणारं कुत्रं मागे पडू लागतं. शेतापर्यंत येणारं कुत्रं बांधावरूनच परत फिरतं. फक्त इथे ते कुणाच्या लक्षात यायला वेळ लागतो, कारण मोजायला कुणी नसतं. या कुत्र्याने आयुष्यभर काम केलं आहे. शाळेतल्या मुलाने आठवडाभर त्याच्याकडे लक्ष दिलं आणि जनावरांचे डॉक्टर गाईच्या तपासणीला वस्तीवर आले तेव्हा 'याला पण बघा' म्हटलं, एवढंही पुष्कळ आहे.

काम जमेना म्हणून म्हातारं कुत्रं दूर नेऊन सोडून देण्याचे प्रकार घडतात. उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मधलं आपलं मूलभूत कर्तव्य आहे. मूलभूत कर्तव्यांचा पाठ घेताना हे उदाहरण जरूर द्या.

वर्गात हा विषय कसा घ्यावा?

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तिथे थोरल्या शाहू महाराजांची (१६८२-१७४९) समाधी आहे आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही. शिकारीच्या वेळी वाघापासून खंड्याने महाराजांना वाचवलं, आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगितलं जातं. ही गोष्ट वर्गात सांगा, मुलं कान टवकारून ऐकतात. मग एक प्रश्न टाका : 'खंड्याने वाघाला अडवलं नसतं, तर म्हातारपणी त्याची काळजी घ्यायला हवी होती की नाही?' उत्तरं मुलांनाच देऊ द्या. आपण मध्ये पडायचं नाही.

नंतर फळ्यावर दोन रकाने आखा. एकात 'मी पाहिलं', दुसऱ्यात 'मला वाटलं'. मुलांकडून वाक्यं घ्या आणि योग्य रकान्यात लिहायला लावा. 'कुत्रा जिन्यापाशी थांबला' पहिल्यात. 'कुत्रा आळशी आहे' दुसऱ्यात. 'कुत्रा रागावला' कुठे? तिथे वाद होईल. होऊ द्या. 'त्याने ओठ वर करून दात दाखवले' हे वाक्य पहिल्या रकान्यात कसं आणायचं हे मुलं त्या वादातूनच शिकतील.

एक सुरक्षेचा मुद्दा सोडून चालणार नाही. दुखणारं कुत्रं चावू शकतं, अगदी घरच्यांनाही. झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला हात लावून उठवायचं नाही. त्याला ऐकू कमी येत असेल, ते दचकून चावेल. समोरून जाऊन, त्याला दिसेल असं थांबायचं. दुखरा भाग दाबून बघायचं काम मोठ्यांचं, शक्यतो डॉक्टरांचं. आणि कुठल्याही कुत्र्याने चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखान्यात जायचं. घरचं आहे, लस दिली आहे, म्हणून मुलाने लपवायचं नाही.

काही वेळा डॉक्टर सांगतात की आता फार काळ नाही. तेव्हा मुलाला 'तो गावाला गेला' असं खोटं सांगू नका. मोती फार आजारी आहे, डॉक्टर त्याचं दुखणं कमी करत आहेत, तो कदाचित वाचणार नाही, हे साध्या शब्दांत सांगा. ज्या मुलाने सात दिवस त्याचे श्वास मोजले आहेत त्याला खरं ऐकण्याचा हक्क आहे. आणि त्याला ते पेलतंही, आपण समजतो त्यापेक्षा चांगलं.

या आठवड्याचा उपक्रम

ज्यांच्या घरी किंवा शेजारी सात वर्षांपेक्षा मोठं कुत्रं आहे त्यांनी वरची वही सुरू करावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेळी, गाय, मांजर यांपैकी कुणालाही निवडावं. आजी-आजोबांची परवानगी घेऊन त्यांच्या सकाळच्या फेरीचीही नोंद करता येईल. सातव्या दिवशी मुलांना एकच प्रश्न विचारा : 'पहिल्या दिवशी तुला माहीत नव्हतं असं काय कळलं?' आणि जे कळलं ते कागदावर घेऊन, पालकहो, कुत्र्याला एकदा डॉक्टरांना दाखवून आणा. वय किती झालंय ते सांगा, पण पुढे 'म्हणूनच असेल' हे शब्द जोडू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.